उन्हात ठेवू नका, सर!

छत्तीसगढीत 'घाम' म्हणजे ऊन. रायपूरला आलो त्या पहिल्याच आठवड्यात आमचे माळीकाका म्हणाले, "साहेब, अब्बड घाम हे," आणि मी खिशातला रुमाल काढून त्यांच्यापुढे धरला. ते हसले. आता दुसरा उन्हाळा चालू आहे आणि मला वाटतं की या शब्दाबाबत छत्तीसगढी मराठीपेक्षा जास्त प्रामाणिक आहे. इथे ऊन आणि घाम वेगळे काढताच येत नाहीत. मे महिन्याच्या शेवटी नवतपा लागतो, म्हणजे सर्वांत कडक असे नऊ दिवस. तेव्हा पारा ४५च्या वर जातो, दुपारी बारा ते चार रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही, आणि शहाणी माणसं बोरे-बासी खाऊन सावलीत आडवी होतात.

आम्ही शहाणे नव्हतो. आई पुण्याहून आली होती आणि तिला सिरपूर बघायचं होतं. रायपूरहून साधारण ऐंशी किलोमीटर, आरंगवरून महानदी ओलांडून पुढे. सातव्या शतकातलं विटांचं लक्ष्मण मंदिर आहे तिथे. मंदिराबद्दल कधीतरी वेगळं लिहीन, कारण आजचा विषय गाडी आहे. सकाळी लवकर निघायचं ठरलं होतं, पण निघता निघता दहा वाजले. पोहोचलो, पाहिलं, आई विटांच्या कोरीव कामापुढे बराच वेळ बसून राहिली. दोन तासांनी दीडच्या सुमारास परत आलो तेव्हा गाडी उघड्या मैदानात तापत उभी होती. दाराच्या हँडलला हात लावला आणि मागे घेतला.

आईला मागे बसवलं, स्टार्टर दाबला. इंजिन चालू झालं. डॅशबोर्डवरचा तो भला मोठा पडदा मात्र अर्धा मिनिट उजळला, त्यावर थर्मामीटरचं चित्र आलं, 'तापमान जास्त आहे, थोडा वेळ थांबा' अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य आलं आणि पडदा काळा पडला. रेडिओ गेला, नकाशा गेला, मागचा कॅमेरा गेला. इथपर्यंत माझी तक्रार नव्हती, नकाशा मी डोक्यात ठेवतो. पण या गाडीत एसीसाठी बटण नाही. एसीसुद्धा त्याच पडद्यात आहे. आणि मला फौजी ड्रायव्हरांनी लावलेली जुनी सवय आहे की इंजिन बंद करण्याआधी एसी बंद करायचा. म्हणजे एसी बंद होता, तो चालू करायचं एकमेव ठिकाण पडद्यावर होतं, पडदा गरम झाल्यामुळे बंद होता, आणि पडदा थंड व्हायला एसी हवा होता. मंडळी, अशा कोंडीत मी शत्रूमुळेसुद्धा क्वचितच सापडलो आहे.

काचा खाली केल्या आणि निघालो. बाहेर लू चालली होती, भट्टीचं दार उघडावं तशी हवा आत येत होती. वीस मिनिटांत आईचं बोलणं बंद झालं. आरशात पाहिलं तर ती डोळे मिटून होती आणि चेहरा कोरडा, लाल. आई चौऱ्याहत्तर वर्षांची आहे आणि रक्तदाबाची गोळी घेते. हायवेच्या आधी एका टपरीवजा ढाब्यापाशी कडुनिंब दिसला, तिथे गाडी घातली. ढाब्यावरच्या बाईने काही विचारलं नाही. "दाई ला छइहाँ म लाव," एवढंच म्हणाली, खाट ओढली, माठातलं पाणी गमछ्यावर ओतून तो आईच्या मानेवर, काखेत ठेवला. बायकोने इलेक्ट्रॉलचं पाकीट कालवून घोट घोट पाजलं. पाऊण तासाने आईने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "अरे, तुझ्या बाबांच्या फियाटला एवढं काही नव्हतं रे."

दुसरा ओला गमछा मी डॅशबोर्डवर टाकला होता. तासाभराने पडदा आपोआप उजळला आणि काही घडलंच नाही अशा थाटात सकाळी जिथे सोडलं होतं तिथूनच गाणं वाजायला लागलं.

सोमवारी सर्व्हिस सेंटरला गेलो. कुठल्या कंपनीचं ते लिहीत नाही, कारण दुसऱ्या कंपनीच्या गाड्या घेतलेले दोन मित्रही हीच कहाणी सांगतात. गाडी एसी लावलेल्या हॉलमध्ये नेली, लॅपटॉप जोडला, अर्ध्या तासात कागद हातात आला. दोष आढळला नाही. अर्थातच आढळला नाही! हॉलमध्ये चोवीस डिग्री होतं. मी शांतपणे विचारलं की दुपारी दोन वाजता बाहेर उभी करून तपासणार का. तो सल्लागार मुलगा चांगला होता, वीस-बावीसचा असेल, त्याने अगदी आपुलकीने सांगितलं, "सर, गाड़ी धूप में मत रखा कीजिए."

त्या मुलावर माझा राग नाही. त्याला जे पढवलंय ते तो बोलला. राग त्या वाक्यावर आहे. रायपूरमध्ये गाडी विकायची आणि उन्हात ठेवू नका म्हणायचं, हे म्हणजे जवानाला पोस्टवर पाठवताना 'गोळी येईल तिथे उभा राहू नकोस' असं सांगून बुलेटप्रूफ जाकीट काढून घेण्यासारखं आहे. या शहरात किती गाड्यांना छप्पर आहे? मंडईत, कचेरीत, आंबेडकर रुग्णालयाबाहेर, स्टेशनवर गाडी उन्हातच राहणार. ऊन ही इथली दुर्घटना नाही, ती इथली हवा आहे.

आता थोडं मागे जातो, कारण गाडीतला रेडिओ आणि उष्णता यांच्याशी माझी ओळख जुनी आहे.

खडकवासल्याहून बाहेर पडून, डेहराडूनचं वर्ष संपवून मी पलटणीत आलो ते २००२ साली. पहिली पोस्टिंग काश्मीर. काही काळाने मला आरएसओ केलं, म्हणजे पलटणीचा सिग्नल ऑफिसर. (सेवेतल्या संचांबद्दल या ब्लॉगवर मी काहीही लिहीत नाही, हे जुन्या वाचकांना ठाऊक आहे. आजही लिहिणार नाही.) मेसमध्ये तेव्हा वर्ल्डस्पेसचा सॅटेलाइट रेडिओ होता. ज्यांनी तो ऐकलाय त्यांच्या चेहऱ्यावर हे वाचताना हसू येईल. मार्च २०००मध्ये सोडलेला एशियास्टार हा उपग्रह १०५ अंश पूर्व रेखांशावर, पृथ्वीपासून सुमारे छत्तीस हजार किलोमीटरवर, आणि तिथून थेट आमच्या बुखारीशेजारच्या टेबलावर 'गंधर्व' वाहिनीचं शास्त्रीय संगीत आणि 'फरिश्ता'ची जुनी फिल्मी गाणी. जिथे एफएम पोहोचत नव्हतं, मोबाइल नव्हता, तिथे एकही खरखर नसलेला मालकंस. तळहातापेक्षा थोडी मोठी चौकोनी अँटेना खिडकीत ठेवायची आणि आग्नेयेकडे वळवायची. मी प्रिझमॅटिक कंपास घेऊन बेअरिंग काढायचो आणि सीओसाहेब म्हणायचे, "इसको देखो, तोपखाने में जाना था इसे."

अट एकच होती. अँटेना आणि उपग्रह यांच्यात काही येता कामा नये. आग्नेयेला डोंगराचा सोंड आला की मालकंस संपला. ओल्या पानांचं झाड आलं तरी संपला.

पुढे वाळवंटाच्या बाजूला पोस्टिंग झाली तेव्हा मी एक उद्योग केला. स्वतःच्या पैशांनी एक संच घेतला आणि माझ्या सेकंडहँड जिप्सीत बसवला. अँटेना बॉनेटवर चिकटवली, संच डॅशबोर्डवर. सेवेचा यात काही दोष नव्हता हे आधीच सांगतो, तो संच एका जागी ठेवून ऐकायचा होता, गाडीसाठी नव्हताच. पण तरुणपणी असली अक्कल नसते. रस्ता वळला की गाणं जायचं, कारण उपग्रह एका दिशेला आणि गाडी दहा दिशांना. पुलाखाली जायचं, ट्रकच्या आडोशाला जायचं. आणि मे महिन्यात अकरा वाजल्यानंतर संचाचा छोटा पडदा शाईसारखा काळा व्हायचा. रात्री पुन्हा ठीक. महूला सिग्नलचा कोर्स करताना एका उस्तादांनी याचं कारण सांगितलं होतं. पडद्यातल्या द्रवस्फटिकांची एक रचना असते, ठरावीक तापमानापुढे ती मोडते, गार झाल्यावर परत जुळते. "साहब, क्रिस्टल भी फॉलआउट हो जाते हैं," ते म्हणाले होते.

अमेरिकेत हीच गोष्ट गाडीत चालली, आजही चालते. तिथे सिरियस आणि एक्सएम या दोन कंपन्या २००१-०२मध्ये सुरू झाल्या, २००८मध्ये एक झाल्या. त्यांनी फक्त उपग्रहावर भिस्त ठेवली नाही. शहरांत, जिथे इमारती आड येतात तिथे, जमिनीवर पुनःप्रक्षेपक उभे केले. अँटेना टपावर गेली आणि बऱ्याच गाड्यांत संचाचं मूळ खोकं काचेखालच्या तव्यावरून उचलून डिकीत किंवा सीटखाली गेलं. म्हणजे आधी गाडीचा विचार झाला, मग रेडिओचा. आपल्याकडे ट्रायने २००५मध्ये उपग्रह रेडिओबाबत शिफारशी केल्या, पण जमिनीवरचं ते जाळं काही उभं राहिलं नाही. वर्ल्डस्पेसचे जगातले बहुतेक ग्राहक भारतात होते, तरीही ऑक्टोबर २००८मध्ये अमेरिकेतल्या मूळ कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि ३१ डिसेंबर २००९ला भारतातली सेवा बंद झाली. उपग्रह वर होता, संच इथे होते, विकत घेतलेले होते. एका रात्रीत त्यांचे पेपरवेट झाले.

त्या ३१ डिसेंबरची मला आज आठवण येते ती वेगळ्या कारणासाठी. यंत्र दोन प्रकारे मरतं. एक आपल्या डोळ्यांसमोर, उन्हाने, धुळीने, धक्क्याने. दुसरं कुठेतरी दूर, एखाद्या कागदावरच्या सहीने. माझ्या आजच्या गाडीच्या पडद्याला दोन्ही मरणं लागू आहेत. पहिलं मी सिरपूरच्या रस्त्यावर पाहिलं. दुसऱ्याची तारीख कंपनीने आधीच कळवून ठेवली आहे. 'कनेक्टेड सेवा' अमुक वर्षांपर्यंत फुकट, पुढे पैसे. गाडी पंधरा वर्षं चालवायची म्हटली तर त्यातला रेडिओ भाड्याचा आहे.

आता उष्णतेबद्दल, कारण 'दोष आढळला नाही' या कागदाला उत्तर देणं भाग आहे. मी स्वयंपाकघरातला थर्मामीटर घेऊन डॅशबोर्डवर ठेवला. बाहेर ४४, दोन तास बंद गाडी, डॅशबोर्डवर ७१. यात आश्चर्य काही नाही, काचेतून ऊन आत येतं आणि आतली उष्णता बाहेर पडत नाही. आणि हा पडदा कंपनीने बसवलाय कुठे, तर नेमका तिथेच, काचेखाली, वर काढून, काळ्या रंगात. जुन्या गाड्यांत रेडिओ खाली, खाचेत, सावलीत असायचा. दिसायला साधा होता, पण जागा अकलेची होती.

इलेक्ट्रॉनिक भागांना किती ताप सोसेल याच्या प्रती ठरलेल्या असतात. गाड्यांसाठीच्या चिपच्या प्रतवारीत एक ८५ डिग्रीपर्यंत, पुढची १०५पर्यंत, त्यापुढची १२५पर्यंत. भाग वाढत्या प्रतीचा घ्याल तसे पैसे वाढतात. कपॅसिटर नावाच्या छोट्या डब्या असतात, त्यांचा ढोबळ हिशेब असा की तापमान दहा डिग्रीने वाढलं की आयुष्य निम्मं. पुण्यात दहा वर्षं चालणारी वस्तू इथे किती चालेल याचं गणित वाचकांनीच करावं. त्यात रोजचं चक्र आहे. पहाटे २८, दुपारी ७०, मग एसीचा झोत लागून पुन्हा २५. डाग दिलेले सांधे रोज ताणले जातात, रोज आकसतात, आणि एक दिवस केसाएवढी भेग पडते. ती भेग एसी हॉलमध्ये मिटलेली असते. म्हणून लॅपटॉपला दिसत नाही.

लष्करासाठी कुठलंही इलेक्ट्रॉनिक उपकरण घ्यायचं तर जेएसएस ५५५५५ नावाचं तिन्ही दलांचं मानक आहे, ते गुपित नाही. त्यात उपकरण भट्टीत घालतात, शीतकपाटात घालतात, धुळीत, पावसात, हादऱ्यांत. यामागचं तत्त्व साधं आहे. उपकरण जिथे वापरायचं तिथलं सर्वांत वाईट हवामान गृहीत धरायचं, वापरणाऱ्याची चांगली सवय गृहीत धरायची नाही. जवान संच उन्हात ठेवणारच, कारण जवान स्वतः उन्हात आहे.

माझा एक कोर्समेट मुदतीआधी बाहेर पडून आता चाकणला गाड्यांचे भाग पुरवणाऱ्या एका कारखान्यात आहे. एनडीएत आम्ही एकाच स्क्वॉड्रनचे, रगडा एकत्र खाल्लेला, त्यामुळे तोंडावर बोलतो. रविवारी फोन केला. म्हणाला, "तू म्हातारा झालायस. पडदा स्वतःला वाचवायला बंद होतो, ते बरोबरच आहे, नाहीतर कायमचा जळेल. आणि उन्हाळ्यातल्या चाचण्या होतात रे, वाळवंटात गाड्या नेतात. बटणं महाग पडतात. प्रत्येक बटणाचा साचा, वायर, तपासणी. पडदा एक लावला की सगळं सॉफ्टवेअरमध्ये. आणि खरं सांगू, शोरूममध्ये पडदा विकला जातो. थर्मल टेस्टचा रिपोर्ट मागणारा गिऱ्हाईक मी अजून बघितला नाही."

त्याचा प्रत्येक मुद्दा खरा आहे हे मान्य करतो. पडद्याने स्वतःला वाचवावं, जरूर वाचवावं. पण एसी त्याच्या पोटात कशाला ठेवला? सेन्ट्रीला चक्कर आली तर त्याला बसवा, पण शस्त्रागाराची एकमेव किल्ली त्याच्याच खिशात कशाला? आणि चाचण्या होत असतील तर तो आकडा छापा. मायलेज छापता, डिकीत किती लिटर सामान बसतं ते छापता. पडदा किती डिग्रीला बंद पडतो हे का छापत नाही?

"रेडिओच तर आहे, एवढं काय" म्हणणाऱ्यांसाठी दोन-तीन उदाहरणं, तीही बाहेरची, म्हणजे कुणाला वैयक्तिक वाटायला नको. मे २०२२मध्ये टेस्लाने अमेरिकेत सुमारे १ लाख ३० हजार गाड्यांसाठी रिकॉल जाहीर केला, कारण जलद चार्जिंगच्या वेळी प्रोसेसर तापून मधला पडदा मंदावत किंवा बंद पडत होता, आणि त्याबरोबर मागचा कॅमेरा, गिअर, काचेवरच्या वाइपरची नियंत्रणं. त्याआधी २०२१मध्ये याच कंपनीने सुमारे १ लाख ३५ हजार गाड्या परत बोलावल्या होत्या, पडद्यामागची मेमरी झिजत होती म्हणून. तिथे सरकारी यंत्रणेने याला सुरक्षेचा दोष म्हटलं. आपल्याकडे त्याला 'उन्हात ठेवू नका' म्हणतात.

नौदलातल्या वाचकांना दुसरं उदाहरण पाठ असेल. २१ ऑगस्ट २०१७ला सिंगापूरजवळ अमेरिकेची यूएसएस जॉन एस. मॅकेन ही विनाशिका एका तेलवाहू जहाजावर आदळली. दहा खलाशी गेले. चौकशीत प्रशिक्षणाच्या त्रुटींबरोबर सुकाणूच्या टचस्क्रीन यंत्रणेवरही बोट ठेवलं गेलं. कोणत्या टेबलावरून कोणतं नियंत्रण चालू आहे हे चालवणाऱ्यांना कळलं नाही. २०१९मध्ये अमेरिकी नौदलाने ठरवलं की विनाशिकांवर पुन्हा हाताने ढकलायचे थ्रॉटल बसवायचे. जगातलं सर्वांत श्रीमंत नौदल दांडीवर परत आलं. युरोपातल्या एनकॅप संस्थेनेही २०२६पासून पाच तारे हवे असतील तर इंडिकेटर, हॉर्न, वाइपर, धोक्याचे दिवे यांना खरी बटणं हवीत असा नियम केला आहे. आपली भारत एनकॅप ऑक्टोबर २०२३पासून सुरू आहे, पुण्यात वेताळ टेकडीवर एआरएआय आहे. तिथल्या मंडळींना माझी हात जोडून विनंती. युरोपाने त्यांच्या हवेनुसार यादी केली, तिच्यात एसी नाही. ऑस्लोत एसी बंद पडला तर कोट काढतात. आपली यादी आपण करायची.

आणि आता मूळ रेडिओबद्दल, कारण त्याचं दुःख वेगळं आहे.

मी लहान असताना बाबा रात्री गाडी चालवायचे, नागपूरकडे नातेवाईक होते. फियाटच्या रेडिओला दोन गोल बटणं. रात्री नागपूरहून आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी लागायची, १५६६ किलोहर्ट्झ, एक हजार किलोवॉटचा प्रक्षेपक. १९८८च्या मेमध्ये ती वाहिनी सुरू झाली. संध्याकाळी सुरू होऊन पहाटेपर्यंत चालायची, ट्रकवाले, चौकीदार, नाइट ड्यूटीवाले आणि सीमेवरचे जवान हे तिचे श्रोते. पुढे जवान म्हणून मीही झालो. मध्यम लहरी रात्री वरच्या थरांवरून परावर्तित होऊन शेकडो किलोमीटर जातात, त्यांना टॉवर लागत नाही, वर्गणी लागत नाही. आवाज वर-खाली व्हायचा, मध्येच दुसरं स्टेशन घुसायचं, पण पहाटे तीन वाजता कुणीतरी जागं आहे एवढं त्यातून कळायचं. २०१८च्या डिसेंबरमध्ये ती बंद करण्याचा आदेश निघाला. फार कुणी ओरडलं नाही. ज्यांना तिची गरज होती ते ओरडणाऱ्यांतले नव्हते.

आज रायपूरहून जगदलपूरला निघा. धमतरी, कांकेर, मग केशकाल घाट. घाटात आणि पुढे जंगलात मोबाइलचं नेटवर्क येतं-जातं. नव्या गाडीत शंभर देशांची स्टेशनं आहेत, पण ती नेटवर येतात. नेट गेलं की शंभर देश गेले. एफएम टेकडीमागे संपतं. मध्यम लहरींची सोय नव्या गाड्यांत कमी होत चाललीय, विजेवरच्या गाड्यांत तर मोटरच्या विद्युत-गोंगाटाचं कारण सांगून ती काढूनच टाकतात. अमेरिकेत यावरून एवढा गदारोळ झाला की २०२३मध्ये प्रत्येक गाडीत एएम रेडिओ सक्तीचा करणारं विधेयक तिथल्या संसदेत आलं, आणि फोर्डने एएम काढण्याचा निर्णय मागे घेतला. तिथला युक्तिवाद गाण्यांचा नव्हता. वादळ आलं, वीज गेली, टॉवर पडले तर लोकांशी बोलणार कसं, हा होता. आपल्या सरकारनेही एप्रिल २०२३मध्ये मोबाइल कंपन्यांना फोनमधला एफएम रेडिओ बंद करून ठेवू नका असा सल्ला दिला होता, कारण हेच, आपत्ती. फोनला सल्ला मिळतो, मग गाडीला का नाही? आकाशवाणीने मध्यम लहरींवर डीआरएम नावाची डिजिटल पद्धत कधीच उभी केली, आपल्याच देशातल्या कित्येक गाड्यांत तिचे संच बसूनही येतात. विकणाऱ्याला ते माहीत नसतं, घेणाऱ्याला सांगितलं जात नाही. मी माझ्या सल्लागार मुलाला विचारलं. तो म्हणाला, "सर, वो कौन सा ऐप है?"

आरएसओ म्हणून मला पहिल्या दिवशी शिकवलं गेलं की एक साधन म्हणजे साधनच नाही. रेडिओ आहे, तरी लाइन टाका. लाइन आहे, तरी रनर तयार ठेवा. माझ्या गाडीत रेडिओ, नकाशा, फोन, एसी, कॅमेरा, सगळ्यांचं एकच साधन आहे आणि ते दुपारी दीड वाजता झोपतं. हा प्रश्न गाण्यांचा असता तर मी लिहिलं नसतं. कडुनिंबाखाली खाटेवर माझी आई होती.

कंपनीला मी पत्र पाठवलंय, थर्मामीटरचे फोटो जोडून, तारीख-वेळ टाकून, ऑपरेशनल रिपोर्टसारखं. मागण्या तीनच. एसीचं एक खरं बटण. पडदा बंद होण्याचं तापमान लेखी. आणि गाडीची तपासणी दुपारी दोन वाजता, मैदानात, माझ्यासमोर. उत्तर आलं तर इथे टाकीन. ज्यांच्याकडे असे अनुभव असतील, विशेषतः चंद्रपूर, अकोला, जळगावकडच्या निवृत्त मंडळींनी, तापमान आणि वेळ मोजून मला कळवा. नुसता 'माझंही असंच झालं' नको, आकडा हवा.

तोवर आमचा बंदोबस्त असा. पडद्यावर पांढरा गमछा, जिथे उभं करू तिथे काचेला पुठ्ठा, आणि गाडी बंद करताना एसी चालूच ठेवायचा, म्हणजे वीस वर्षांची सवय मोडायची. तात्यापाऱ्यात राहणारे एक काका आहेत, महाराष्ट्र मंडळात ओळख झाली. त्यांच्या घराण्याच्या तीन पिढ्या रायपुरात गेल्या, मराठी अजून वऱ्हाडी वळणाची. त्यांना सगळी हकिकत सांगितली तर आत गेले आणि कातडी कव्हरातला एक ट्रान्झिस्टर घेऊन आले. म्हणाले, "घेऊन जा साहेब, माह्याकडं दुसरा आहे. फक्त सेल आत ठेवू नका, उन्हानं फुटतात अन् आतून खातात." आता तो ग्लोव्ह बॉक्समध्ये असतो, सेल बायकोच्या पर्समध्ये. परवा कांकेरला जाताना पडदा पुन्हा गेला. सेल घातले, बटण फिरवलं, रायपूर केंद्र लागलं. शेतीवरचा कार्यक्रम चालू होता, धानाची रोपवाटिका. आईने आवाज वाढवायला सांगितला.